फ्लॉरेन्सचा घुमट

इटली देशात आर्नो नदीच्या काठी फ्लॉरेन्स नावाचे एक जुने नगर आहे. तेथील चित्रे, शिल्पे आणि वास्तू पाहण्यासाठी दूरदूरच्या देशांतून प्रवासी येत असतात. नगराबाहेरच्या टेकडीवरून पाहिले, म्हणजे कौलारू छपरांच्या दाटीतून एक प्रचंड तांबडा घुमट वर आलेला दिसतो. भोवतालची घरे त्याच्यापुढे खेळण्यातल्या घरांसारखी वाटतात. हा घुमट ज्याने उभारला तो फिलिप्पो ब्रुनेलेस्की हा मुळात गवंडी नव्हता. तो होता सोनार.

फिलिप्पोचा जन्म इ. स. १३७७ मध्ये फ्लॉरेन्स येथेच झाला. त्याचे वडील दस्तऐवज तयार करून देणारे प्रतिष्ठित गृहस्थ होते. मुलाने लिहिण्यावाचण्याच्या जोरावर आपलाच व्यवसाय पुढे चालवावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु मुलाचे मन चित्रे काढण्यात आणि निरनिराळ्या वस्तू घडविण्यात रमे. ते पाहून त्या समंजस पित्याने त्याला सोनाराच्या हाताखाली ठेवले. तेथे तो सोन्याचांदीचे बारीक काम शिकला, रत्ने जडवू लागला आणि घड्याळेही करू लागला. दातेरी चाके एकमेकांत कशी अडकतात आणि वजनाच्या ओढीने ती कशी फिरतात, हे ज्ञान त्याला पुढे फार उपयोगी पडणार होते.

त्याच्या घरापासून थोड्याच अंतरावर नगराचे मुख्य प्रार्थनामंदिर होते. त्याचे बांधकाम इ. स. १२९६ मध्ये सुरू झाले होते. भिंती चढत होत्या, कमानी उभ्या राहत होत्या. परंतु जेथे घुमट यावयाचा ती जागा उघडीच होती. त्यावर सुमारे पंचेचाळीस मीटर रुंदीचा अष्टकोनी घुमट घालावा आणि त्याला बाहेरून दगडी टेकू देऊ नयेत, असे नगरवासीयांनी १३६७ मध्ये ठरवून टाकले. एवढा घुमट बांधावयाचा कसा, हे मात्र त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते! आजोबांनी भिंती घालाव्या आणि छपराची चिंता नातवांवर सोपवावी, त्यातलाच हा प्रकार. फिलिप्पो लहानाचा मोठा झाला तो या अपुऱ्या मंदिराच्या सावलीत.

१४०१ मध्ये मंदिरासमोरील बाप्तिस्मागृहासाठी कांस्याचे नक्षीदार दरवाजे करावयाचे ठरले आणि त्यासाठी कलावंतांची स्पर्धा जाहीर झाली. सात जणांनी आपापले नमुने सादर केले. त्यांत फिलिप्पो होता आणि त्याच्याच वयाचा लोरेन्झो गिबर्ती हाही होता. शेवटी काम गिबर्तीला मिळाले. या दोघांनी केलेले नमुने आजही फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात. फिलिप्पोच्या नमुन्यात आवेश अधिक आहे. गिबर्तीचा नमुना डौलदार असून वजनाला पुष्कळ हलका, म्हणजे कमी धातू लागणारा आहे. परीक्षकांनी अन्याय केला असे म्हणवत नाही. परंतु फिलिप्पोला पराभव फार झोंबला. त्याने फ्लॉरेन्स सोडले आणि रोमची वाट धरली. दोनातेल्लो नावाचा एक तरुण शिल्पकार त्याच्याबरोबर होता, असे त्याच्या पहिल्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे.

त्या वेळचे रोम हे एकेकाळच्या साम्राज्याची नुसती सावली होते. प्राचीन रोमनांच्या सभाचौकात गुरे चरत. तेथील लोक त्या जागेला गुरांचे रान असेच म्हणत. संगमरवरी खांब मातीत अर्धे गाडले गेले होते. लोक जुने दगड फोडून चुन्याच्या भट्टीत घालीत. यात्रेकरू येत, दर्शन घेत आणि परत जात. हे दोन तरुण मात्र परत जाईनात. ते दिवसभर भग्नावशेषांतून हिंडत, खांबांची उंची आणि कमानींची रुंदी मोजत, पाया दिसावा म्हणून माती उकरीत. फिलिप्पो चर्मपत्राच्या पट्ट्यांवर आकडे व खुणा टिपून ठेवी. पैसे संपले की तो एखाद्या सोनाराकडे काम करून चार नाणी मिळवी आणि पुन्हा उकरू लागे. हे दोघे पुरलेले धन शोधीत आहेत, अशी लोकांची समजूत झाली होती. एका अर्थी ती खोटी नव्हती.

रोममधील एक वास्तू मात्र जवळजवळ अभंग उभी होती. ती म्हणजे पँथिऑन. सम्राट हेड्रिअनच्या काळात, दुसऱ्या शतकात, पूर्ण झालेल्या या मंदिराचा घुमट सुमारे त्रेचाळीस मीटर रुंद आहे. तो काँक्रीटचा असून त्याच्या माथ्यावर आकाशाकडे उघडणारे गोल छिद्र आहे. खाली जाड व जड आणि वर पातळ व हलका, अशी त्याची रचना आहे. फिलिप्पोने हे सारे नीट पाहून घेतले असणार. परंतु तेथे पाहिलेली रीत फ्लॉरेन्सला जशीच्या तशी नेणे शक्य नव्हते. रोमनांचे ते काँक्रीट करण्याची विद्या लोपली होती. शिवाय कमान असो वा घुमट, तो पुरा होऊन चुना वाळेपर्यंत त्याला खालून लाकडी साच्याचा आधार द्यावा लागतो. फ्लॉरेन्सचा घुमट तर जमिनीपासून पन्नास मीटरांहून अधिक उंचीवर सुरू व्हावयाचा होता. तेथवर पोचणारा साचा करावयाचा म्हणजे अख्खे अरण्य तोडावे लागले असते.

१४१८ मध्ये घुमट बांधण्याची योजना मागविण्यात आली आणि उत्तम योजनेला दोनशे सुवर्णमुद्रांचे बक्षीस जाहीर झाले. फिलिप्पोने सांगितले, की मी हा घुमट लाकडी साच्याशिवाय बांधीन. सभेतील लोक हसले. एकदा तर त्याला वेडा ठरवून सेवकांनी सभेबाहेर उचलून नेले, असे सांगतात. आपली रीत आधी उघड करावयास तो तयार नव्हता. कारण ती कळल्यावर काम दुसऱ्याकडे जाईल, ही भीती त्याला होती. यासंबंधी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्याने सभेपुढे एक अंडे ठेवले आणि ते संगमरवराच्या फरशीवर जो उभे करील त्यानेच घुमट बांधावा, असे सुचविले. कोणालाही ते साधेना. तेव्हा त्याने अंड्याचे बूड हलकेच ठेचले आणि ते उभे केले. असे तर आम्हीही केले असते, अशी कुरकूर इतरांनी केली. त्यावर, माझी योजना ऐकल्यावर घुमटाविषयीही तुम्ही हेच म्हणाल, असे त्याने उत्तर दिले.

अखेर त्याने विटांचा एक लहान घुमट साच्याशिवाय बांधून दाखविला आणि काम त्याच्याकडे आले. पण एकट्याकडे नव्हे. अधिकाऱ्यांनी त्याच्या जोडीला नेमले ते गिबर्तीलाच, आणि पगारही दोघांना सारखाच ठरविला! ७ ऑगस्ट १४२० रोजी घुमटाच्या कामास प्रारंभ झाला.

साच्याशिवाय घुमट कसा उभा राहिला? फिलिप्पोने एकात एक असे दोन घुमट बांधले. आतला जाड, तो भार पेलणारा. बाहेरचा पातळ, तो ऊनपाऊस अडविणारा. दोहोंच्या मध्ये पोकळी ठेवल्यामुळे वजन कमी झाले. घुमटाची प्रवृत्ती पायथ्याशी बाहेर फाकण्याची असते. म्हणून पिंपाला लोखंडी पट्ट्या घालतात त्याप्रमाणे त्याने दगडांच्या लांब तुळया लोखंडाने जोडून त्यांची कडी घुमटात गुंफली. विटा रचण्याची तऱ्हा तर विशेषच होती. आडव्या विटांच्या ओळीत ठराविक अंतरावर एकेक वीट उभी बसविली जाई, आणि प्रत्येक थरात ती जरा बाजूला सरके. त्यामुळे विटांची रचना माशाच्या काट्यासारखी दिसते. चुना ओला असताना कललेल्या विटा आत घसरू पाहतात. त्यांना या उभ्या विटा दोन्ही बाजूंनी पकडून ठेवीत. एक फेर पुरा झाला, की तो स्वतःलाच आवळून धरी आणि पुढच्या फेराचा आधार होई. अशा रीतीने चाळीस लाखांहून अधिक विटा एकावर एक चढल्या.

एवढे सामान वर न्यावयाचे कसे? येथे घड्याळजी फिलिप्पो कामास आला. त्याने बैलांच्या जोडीने फिरणारे दातेरी चाकांचे एक प्रचंड यंत्र केले. बैल एकाच दिशेने गोल फिरत राहत. फक्त एक मळसूत्र फिरविले, की चाके बदलत आणि वर जाणारे ओझे खाली येऊ लागे. बैलांना सोडून उलट जुंपण्याची गरजच उरली नाही. गवंड्यांनी जेवणासाठी दर वेळी खाली उतरू नये, म्हणून त्याने परांचीवरच जेवणाची सोय केली.

गिबर्तीशी असलेली अढी काही सुटली नव्हती. काम नाजूक वळणावर आले असता फिलिप्पो आजारी असल्याचे सांगून अंथरुणावर पडून राहिला, गिबर्तीला पुढे काय करावे हे सुचेना आणि त्याचे अज्ञान उघडे पडले, अशी गोष्ट सांगतात. तिला थोडे तिखटमीठ लागले असावे. गिबर्ती सामान्य कारागीर नव्हता. त्याने घडविलेले दरवाजे आजही फ्लॉरेन्सचे भूषण मानले जातात. परंतु १४२६ मध्ये फिलिप्पोचा पगार वर्षाला शंभर सुवर्णमुद्रा झाला आणि गिबर्तीचा छत्तीसच राहिला, यावरून घुमट कोणाच्या बुद्धीने चढत होता हे दिसून येते.

यशाच्या मधूनमधून फिलिप्पोच्या वाट्याला अपयशही आले. संगमरवर वाहून आणण्यासाठी त्याने एक मोठी नौका बांधली. ती मालासह आर्नो नदीत बुडाली. १४३० मध्ये लुक्का नगराशी युद्ध चालू असता, नदीचा प्रवाह वळवून शत्रूचे नगर वेढण्याची युक्ती त्याने काढली. शत्रूने बांध फोडला आणि पाणी फ्लॉरेन्सच्याच छावणीत शिरले. १४३४ मध्ये तर गवंड्यांच्या संघाची वर्गणी भरली नाही म्हणून संघाने त्याला तुरुंगात टाकविले. घुमट अर्ध्याहून वर गेलेला आणि त्याचा कर्ता कोठडीत! मंदिराच्या अधिकाऱ्यांनी धावाधाव करून काही दिवसांतच त्याची सुटका करविली.

१४३६ मध्ये घुमट माथ्यापर्यंत पोचला. त्यावर संगमरवरी कळस कोणी उभारावा, यासाठी अधिकाऱ्यांनी पुन्हा एकदा स्पर्धा घेतली. ती फिलिप्पोनेच जिंकली. परंतु तो कळस पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. कळसाचे काम नुकतेच सुरू झाले होते, तोच १५ एप्रिल १४४६ रोजी तो मरण पावला. त्याने करून ठेवलेल्या नमुन्याबरहुकूम कळस १४६१ मध्ये पुरा झाला. १४७१ मध्ये त्यावर सोन्याचा मुलामा दिलेला गोळा चढला. तो घडविणाऱ्या व्हेरोक्कियोच्या कार्यशाळेत तेव्हा लिओनार्दो दा व्हिंची नावाचा तरुण शिकत होता. फिलिप्पोच्या यंत्रांची चित्रे त्याने आपल्या वहीत काढून ठेवली आहेत.

स्वतः फिलिप्पोने मात्र घुमटाची रीत समजावून देणारे काही लिहून ठेवले नाही. त्याला त्याच मंदिरात मूठमाती देण्यात आली. पण पुढे ती जागाही लोक विसरून गेले. त्याची समाधी १९७२ मध्ये फरशीखाली सापडली. आज प्रवासी ४६३ पायऱ्या चढून घुमटाच्या माथ्यावर जातात. ही वाट दोन घुमटांच्या मधल्या पोकळीतून जाते, आणि वाटेत हात लांबविला तर माशाच्या काट्यासारख्या रचलेल्या त्या विटा हाताला लागतात.