कामातच सापडलेला देव

पहाटे उठून पाणी भरायचं, डबे करायचे, मुलांची शाळा, सासूबाईंची औषधं. दुपारी जरा पाठ टेकावी तोवर संध्याकाळच्या स्वयंपाकाची वेळ होते. देवापुढे दिवा लावतानाही निम्मं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे! एखादी पोथी वाचावी, दहा मिनिटं शांत बसावं, असं फार वाटतं. पण सगळं उरकल्यावर बसू म्हणतो आणि सगळं काही कधी उरकत नाही. मग मनाला रुखरुख लागते, की आपला जन्म नुसता रांधा, वाढा, उष्टी काढा यातच जाणार का?

मैत्रिणींनो, असं वाटलं की मला खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी आठवतात. त्यांच्याकडे तर आपल्यापेक्षाही कमी वेळ होता.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, नागपंचमीच्या दिवशीचा. जळगावजवळचं असोदे हे त्यांचं माहेर. वडील उखाजी महाजन, आई भिमाई, तीन भाऊ आणि तीन बहिणी असं भरलं घर. मुलीच्या जातीला शाळा कशाला, असा तो काळ. त्यामुळे पाटी-पेन्सिल कधी हातात आलीच नाही. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरींच्या घरी आल्या. दळणकांडण, चूलपोतेरं, गुरंढोरं आणि शेतातली कामं हाच त्यांचा दिवस. ओंकार, सोपान ही दोन मुलं आणि काशी ही मुलगी पदरी आली.

आणि ऐन तिशीत नथुजी गेले.

त्या काळातलं वैधव्य म्हणजे काय, हे आपल्या आजी-पणजीनं पाहिलेलं आहे. कपाळ पांढरं झालं की बाईचं सणासमारंभातलं स्थानच पुसलं जायचं. त्यातच घर, शेत आणि तीन लेकरं यांचा भार. मुलगा ओंकार प्लेगमधून वाचला, पण त्याला कायमचं अपंगत्व आलं. अशा वेळी एखादीनं देवाला बोल लावला असता, नाहीतर नशिबाला हात जोडून गप्प बसली असती. बहिणाबाईंनी दोन्ही केलं नाही. दुःख त्यांनी लपवलं नाही. पुसलेल्या कुंकवाची वेदना त्यांच्या गाण्यात अगदी उघडपणे आली आहे. पण हात पाहायला आलेल्या ज्योतिषाला मात्र त्यांनी त्या गाण्यात स्पष्ट नकार दिला आहे. आपलं दैव काय ते आपल्याला पुरतं कळलंय, ते दुसऱ्यानं सांगायला नको, असा त्या नकारामागचा बाणा. केवढी हिंमत ही!

ही हिंमत आली कुठून? आयुष्यभर त्यांनी हातातल्या कामाकडे नीट पाहिलं, मला वाटतं तिथूनच. पहाटे जात्यावर बसलं की दाण्याचं पीठ होता होता ओठावर ओवी यायची. शेतात बी टाकलं की मातीच्या पोटातून कोंब वर येताना दिसायचा आणि ही जादू करणारा कोण, या विचारानं त्या थक्क व्हायच्या. झाडाला लटकलेला सुगरणीचा खोपा आपणही पाहतो आणि पुढे जातो. बहिणाबाई तिथे थांबल्या. इवल्याशा चोचीच्या बळावर पाखरू पिलांसाठी एवढं घर विणतं, मग दोन हात मिळालेल्या माणसानं काय काय करायला हवं, हा प्रश्न त्यांना तिथे पडला.

मनाचंही तसंच. कितीदा हाकललं तरी फिरून पिकाकडे धावणारं गुरू त्यांनी रोज पाहिलं होतं. आपलं मन अगदी असंच आहे, हे त्यांना त्यावरूनच उमगलं. दिवा लावताना दुधाकडे पळणारं आपलं मन त्यांना नक्की ओळखता आलं असतं! मन भटकतं म्हणून त्या स्वतःवर चिडल्या नाहीत. त्याचे खेळ त्यांनी जरा कौतुकानंच न्याहाळले. आज पैसे भरून शिबिरात जाऊन आपण हेच तर शिकतो, नाही का?

त्यांच्या एका रचनेत एक योगी सासुरवाशिणीला अडवतो. माहेरचं एवढं कौतुक आहे, तर सासरी आलीस कशाला, असा त्याचा सवाल. घरदार सोडून सत्य शोधायला निघालेला तो पुरुष आणि डोक्यावर संसार घेतलेली ही बाई. तिचं उत्तर असं, की आई सासरी टिकून राहते म्हणून तर उद्या लेकीला यायला माहेर असतं. कुठल्याही पोथीचा आधार न घेता तिनं आपल्या जगण्याचा अर्थ सांगून टाकला.

पण याचा अर्थ बाईनं निमूट राबत राहावं, असा कुणी काढू नये. माणसाच्या स्वार्थीपणावर बहिणाबाईंनी चांगलेच कोरडे ओढले आहेत. कामात देव दिसणं वेगळं आणि कुणी आपल्याला राबवून घेणं वेगळं. हा फरक त्यांना पक्का ठाऊक होता.

गंमत म्हणजे ही सगळी गाणी त्यांनी कुणासाठी रचली नव्हती. काम करता करता सुचायचं, गायलं जायचं, संपायचं. त्यांच्या खानदेशी बोलीतलं हे धन सोपान, म्हणजे पुढे कवी झालेले सोपानदेव चौधरी, आणि त्यांचे मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी जमेल तसं उतरवून ठेवलं. जे लिहिलं गेलं नाही, ते जात्याच्या घरघरीबरोबर हवेत विरून गेलं.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावातच बहिणाबाईंनी डोळे मिटले. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही संकोचतच आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे हरखून गेले. असलं सोनं महाराष्ट्रापासून लपवून ठेवणं हा गुन्हा आहे, असं त्यांनी ठणकावलं आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. ते पाहायला बहिणाबाई नव्हत्या. १९६१ मध्ये ‘मानिनी’ चित्रपटातून त्यांचे शब्द घरोघरी पोचले. २०१८ मध्ये तर जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. जिला शाळेची पायरी चढू दिली नाही, तिच्या नावाची पदवी आज खानदेशातल्या लेकी घेतात!

आपल्या सगळ्यांनाच काही गाणी सुचणार नाहीत. पण उद्या कणीक मळताना, तुळशीला पाणी घालताना, पाच मिनिटं मन तिथेच ठेवून पाहू या. पळालं तर पळू दे, पुन्हा आणू. आणि घरात सासूबाई किंवा आजी काम करता करता काही गुणगुणत असतील, तर हातातलं काम ठेवून तेवढं एका वहीत लिहून घ्या. सोपानदेवांनी वही जपली, म्हणून आपल्याला बहिणाबाई भेटल्या.