बेळगावचा फडेप्पा चौगुले

जुहूच्या चौपाटीवर पहाटे धावायला येणाऱ्या मंडळींत रंगीत बूटच अधिक दिसतात. मी मात्र ओहोटीची वेळ पाहून ओल्या, घट्ट वाळूवर अनवाणी धावते. शाळेत असताना एका स्पर्धेत पायांत बूट नाहीत म्हणून मला रांगेतून बाजूला काढले होते. तो सल मनात होताच. पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात खेळांचा इतिहास चाळताना फडेप्पा दारेप्पा चौगुले हे नाव वाचले आणि पुस्तक मिटवेना.

हा धावपटू बेळगावचा, जन्म 1902 चा. त्याच्या काळी आपल्याकडे शर्यती होत, पण त्या ज्याच्या त्याच्या गावापुरत्या. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात मात्र त्यांना काही रीत आली होती. सर दोराबजी टाटा या संस्थेचे अध्यक्ष झाले, आणि 1919 साली मैदानावर त्यांनी पाहिले ते असे : धावणारे बहुतेक शेतकरी घरांतले, पायांत काही नाही, पळण्याचे नियम कोणी शिकवलेले नाहीत, तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या खेळाडूंच्या जवळ जाणाऱ्या. पुढच्या सामन्यांना गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड आले आणि भारतातून ऑलिम्पिकला संघ का जाऊ नये, हा विषय निघाला.

इथे एक गंमत घडली. ऑलिम्पिकमध्ये शंभर यार्डांच्या शर्यतीला किती वेळ लागतो, असे टाटांनी एका जबाबदार सभासदाला विचारले, तर त्याने एक-दोन मिनिटे असे सांगितले! हा हिशोब मिनिटांचा नसून सेकंदांचा आणि सेकंदाच्या दहाव्या भागाचा असतो, हे ऐकून तो थक्क झाला. हसू येते खरे. पण ज्याच्या हातात कधी कोणी घड्याळच दिले नाही त्याला कुठून कळावे? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. पहिल्या वर्षी मलाही पुष्कळ प्रश्नांची अशीच उत्तरे देता आली असती.

एप्रिल 1920 मध्ये पुण्यात निवड-चाचणी झाली. सहा जण निवडले गेले : धावणारे पूर्मा बॅनर्जी, चौगुले, सदाशिव दातार व कैकाडी आणि कुस्तीचे कुमार नवले व शिंदे. पैशाचा मोठा भार टाटांनी स्वतः उचलला, काही मदत सरकारने केली. बोटीने मंडळी विलायतेस गेली आणि तेथून बेल्जियमला. महायुद्ध संपून दोन वर्षेही झाली नव्हती. युद्धात पोळलेल्या त्या देशाचा मान म्हणून ते ऑलिम्पिक अँटवर्पला दिलेले होते.

22 ऑगस्ट 1920 रोजी मॅरेथॉन झाली. आज मॅरेथॉनचे अंतर 42.195 किलोमीटर ठरलेले आहे. अँटवर्पला मात्र ते 42.75 होते. ऑलिम्पिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर पार्ल्याहून रुळांच्या कडेने विरार गाठायचे आणि वर आणखी दोन-अडीच किलोमीटर पळायचे. हवा गार व पावसाळी होती. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन 2 तास 32 मिनिटे 35.8 सेकंदांत पहिला आला. एस्टोनियाचा लॉसमान त्याच्यामागे अवघ्या तेरा सेकंदांवर होता. आपल्या दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले 2 तास 50 मिनिटे 45.4 सेकंदांत एकोणिसावा आला.

एकोणिसावा! पदकाच्या यादीत या आकड्याला जागा नाही, म्हणून आपल्या आठवणीतही राहिली नाही. खाशाबा जाधवांचे हेलसिंकीचे कांस्यपदक 1952 चे. ते सर्वांना पाठ आहे, आणि असावेच. पण त्याच्या बत्तीस वर्षे आधी, अठराच्या आसपास वय असलेला बेळगावचा मुलगा परक्या देशातल्या रस्त्यावर शेवटपर्यंत धावला, तेव्हा त्याच्यापाशी मागच्या कोणा भारतीयाचा अनुभव नव्हता. पुढे 1976 साली माँट्रियलला शिवनाथ सिंग मॅरेथॉनमध्ये अकरावे आले. मधली वर्षे मोजली तर छप्पन्न भरतात.

टाटा 1927 साली भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांचे नाव इमारतींवर आहे, पुस्तकांत आहे. चौगुल्यांविषयी मात्र आमच्या ग्रंथालयात मला एका परिच्छेदाहून अधिक काही सापडले नाही, याचे मला वाईट वाटते. मोठ्यांच्या उदारपणाची नोंद सविस्तर होते. जो धावतो त्याची वेळ तेवढी उरते.

ती वेळ मी कागदावर भागून पाहिली. किलोमीटरला चार मिनिटे पडतात. गेल्या रविवारी धाकट्या भावाच्या हातात घड्याळ देऊन चौपाटीवर एक किलोमीटर पळाले. साडेचार मिनिटे लागली, आणि नंतर बराच वेळ वाळूवर बसून राहिले. भावाने विचारले, आणखी किती राहिले? म्हटले, पावणेबेचाळीस.