मुलांचे अण्णा

आमच्या निपाणी भागात विड्या वळून, तंबाखूच्या वखारीत राबून मुलांना शाळेत धाडणारी घरे पुष्कळ आहेत. अशा घरचा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा शिक्षकापाशी सहसा मन मोकळे करीत नाही. त्यातून आम्ही घरी कोकणी बोलणारे. आरंभी आमच्या उच्चारांनाच मुले हसत! त्या दिवसांत आम्हांस कर्मवीर भाऊराव पाटलांच्या चरित्राचा मोठा आधार वाटला.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी शेजारच्याच कोल्हापूर जिल्ह्यात, कुंभोज येथे झाला. ते स्वतः मॅट्रिकही झाले नाहीत. कोल्हापुरास जैन बोर्डिंगात असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले. परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्याचे त्यांनी साफ नाकारले आणि बोर्डिंगास मुकले. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी ते खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्यांची घरे त्यांनी पाहिली ती अशी, ओसरीवर बसून.

१९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसत, आपला स्वयंपाक आपणच करीत, शेतातही राबत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे छत्रपति शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले.

मुले भाऊरावांना अण्णा म्हणत. अण्णा कडक होते, त्यांचा धाकही असे. परंतु आम्हांस वाटते, धाक काय, गरिबाच्या मुलास तो जागोजागी भेटतो. आपल्याबरोबर झीज सोसणारा मोठा माणूस मात्र त्याने क्वचितच पाहिलेला असतो. अण्णांच्या घरी त्याला दोन माणसे तशी मिळाली. पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने एकामागून एक मुलांच्या अन्नासाठी गेले. एकदा धान्य संपले, तेव्हा विकावयास उरले होते ते केवळ मंगळसूत्र. त्यांनी तेही दिले. स्वयंपाक मुलांच्याच हाती, तेव्हा कोठीतील रिकामे डबे आणि बाईंचा मोकळा गळा त्यांच्या नजरेतून सुटला नसेल.

लक्ष्मीबाई १९३० साली निवर्तल्या. अण्णांनी त्यानंतर ९ मे १९५९ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरच्या दिवसापर्यंत, हे काम चालविले.