सर शाह सुलेमान : कोर्टाची खुर्ची आणि गणिताची वही

आपल्या मोहल्ल्यातला एखादा मुलगा वकील झाला की आपण त्याला हार घालतो, फोटो काढतो, मोबाईलवर सगळीकडे पाठवतो. पण या मुलांसमोर आदर्श म्हणून कुणाचं नाव ठेवायचं, असं विचारलं की आम्ही अडखळतो. बद्रुद्दीन तय्यबजींचं नाव निदान मुंबईकरांना माहीत असतं. सर शाह मुहम्मद सुलेमान यांचं नाव मात्र फार थोड्यांनी ऐकलेलं असेल. भारताच्या पहिल्या फेडरल कोर्टात तीनच न्यायाधीश होते, आणि त्यातले एक सुलेमान साहेब होते. म्हणून आज त्यांच्याविषयी.

त्यांचा जन्म १८८६ चा. घराणं जौनपूरचं, इल्मची जुनी परंपरा असलेलं. वडील मुहम्मद उस्मान जौनपूरच्या कोर्टात नावाजलेले वकील होते. मुलगा अलाहाबादला शिकला, बी.ए.ला चमकला आणि सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेला. तिथे त्याने आधी गणित केलं, मग कायदा. आपल्याकडे समजूत अशी की गणित जमलं नाही तर मुलानं वकिली करावी. इथे तर गणितात मुरलेला माणूसच वकिलीकडे वळला.

१९११ मध्ये ते परत आले. थोडे दिवस जौनपूरला वडिलांजवळ काम केलं आणि लगेच अलाहाबाद हायकोर्ट गाठलं. तिथे मोतीलाल नेहरू, तेजबहादूर सप्रू असे दिग्गज वकील होते. अशा ठिकाणी नवख्या माणसाला पाय रोवायला वर्षानुवर्षं लागतात. सुलेमान साहेबांना मात्र १९२० मध्ये, म्हणजे वयाच्या ३४ व्या वर्षीच, हायकोर्टाच्या न्यायासनावर बसवण्यात आलं. १९३२ मध्ये ते त्याच हायकोर्टाचे कायम मुख्य न्यायाधीश झाले. त्या खुर्चीवर कायमचे बसलेले ते पहिले भारतीय.

खुर्ची मिळणं वेगळं आणि खुर्चीला न्याय देणं वेगळं. त्याची परीक्षा १९३३ मध्ये झाली, आणि तिचा थेट संबंध आपल्या मुंबईशी आहे. मार्च १९२९ मध्ये सरकारने देशभरातल्या कामगार पुढाऱ्यांना पकडून मेरठला खटला भरला. आरोप होता बादशहाविरुद्ध कटाचा. आरोपी तीसहून अधिक, त्यात गिरणगावातले श्रीपाद अमृत डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर असे कितीतरी मराठी कार्यकर्ते, बंगालचे मुजफ्फर अहमद आणि काही इंग्रजसुद्धा. खटला जवळजवळ चार वर्षं रेंगाळला. जानेवारी १९३३ मध्ये सेशन्स कोर्टाने मुजफ्फर अहमद यांना जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा दिली, डांग्यांना १२ वर्षांची.

अपील आलं ते मुख्य न्यायाधीश सुलेमान आणि न्यायमूर्ती यंग यांच्यापुढे. कागदपत्रांचा नुसता डोंगर. पण खालच्या कोर्टाला जिथे वर्षं लागली, तिथे या दोघांनी सुनावणी आठवडा-दीड आठवड्यात उरकली आणि ऑगस्ट १९३३ च्या सुरुवातीला निकालही दिला. काही जण निर्दोष सुटले, बाकीच्यांच्या शिक्षा मोठ्या प्रमाणात खाली आल्या. मुजफ्फर अहमद आणि डांगे यांची शिक्षा ३ वर्षांवर आली. खटला चालू असताना माणसं इतकी वर्षं कोठडीत खितपत पडली, हे कोर्टाने हिशेबात धरलं.

इथे एक गोष्ट आम्हाला स्पष्ट सांगायची आहे. सुलेमान साहेब काही क्रांतिकारक नव्हते. इंग्रज सरकारने त्यांना ‘सर’ केलं होतं. आरोपींचे विचार त्यांना पटले होते, असंही नाही. कायद्याने जो गुन्हा ठरत होता तो त्यांनी कायम ठेवला. पण आरोपी कुठल्या विचाराचा, कुठल्या मजहबचा, सरकारला आवडता की नावडता, याने शिक्षेचं माप बदलता कामा नये, हे त्यांनी पाळलं. आजही आपली किती मुलं खटल्याची वाट बघत तुरुंगात वर्षं काढतात. त्यांच्या आई-बापांना या निकालाचं मोल समजावून सांगावं लागणार नाही.

पुढे १९३५ च्या कायद्याने दिल्लीत फेडरल कोर्ट आलं. प्रांत आणि केंद्र यांच्यात अधिकारांवरून भांडण झालं तर ते सोडवायचं, आणि त्या कायद्याच्या अर्थाचा मोठा प्रश्न असेल तर हायकोर्टावरची अपिलं ऐकायची, हे त्याचं काम. १ ऑक्टोबर १९३७ ला ते सुरू झालं. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, त्यांच्या जोडीला सर शाह सुलेमान आणि मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. एक इंग्रज, एक मुसलमान, एक हिंदू. मुसलमानाची जागा भरायची म्हणून सुलेमान साहेबांना घेतलं, असं कुणालाही वाटू शकेल. पण १७ वर्षं हायकोर्टात काढलेला, त्यातली ५ वर्षं मुख्य न्यायाधीश राहिलेला माणूस होता तो. उलट स्वतःच्या कोर्टातलं पहिलं स्थान सोडून ते दिल्लीत दुसऱ्याच्या हाताखाली बसायला आले.

या कोर्टापुढचा पहिला मोठा प्रश्न नागपूरहून आला. मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने १९३८ मध्ये पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर कर बसवला. केंद्राचं म्हणणं होतं की ही एक्साइज आहे, ती आमची. प्रांताचं म्हणणं होतं की हा विक्रीकर आहे, तो आमचा. तिन्ही न्यायाधीशांनी आपापलं मत वेगळं लिहिलं, पण कौल एकच दिला: प्रांताला हा कर लावता येतो. केंद्र आणि राज्य यांच्यातला कराचा वाद आजही संपलेला नाही. त्याची पहिली वाट या तिघांनी आखून दिली.

कोर्टाचं काम आटोपलं की सुलेमान साहेब गणिताची वही उघडत. आइन्स्टाईनच्या सापेक्षतावादाला पर्याय म्हणून त्यांनी स्वतःचा सिद्धांत मांडला, आकडेमोड करून निबंध छापले. शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही, आइन्स्टाईनच खरा ठरला. पण दिवसभर निकाल लिहून थकलेला माणूस रात्री विश्वाचं गणित मांडायला बसतो, ही इल्मची ओढ आम्हाला फार मोठी वाटते. शिवाय १९३८ पासून अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरूपद त्यांच्याकडे होतं. त्यांच्या नावाचं वसतिगृह तिथे आजही आहे.

मार्च १९४१ मध्ये, अवघ्या ५५ व्या वर्षी, त्यांचा इंतकाल झाला. फेडरल कोर्टाला जेमतेम साडेतीन वर्षं त्यांचा सहवास मिळाला. त्यांचे सहकारी जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, म्हणून मराठी माणसाला ते आठवतात. फेडरल कोर्टाच्या जागी १९५० मध्ये सुप्रीम कोर्ट आलं, आणि सुलेमान साहेबांचं नाव कायद्याच्या जाड पुस्तकांतच राहून गेलं.

आमची एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी वकील झालेल्या मुलाचा सत्कार कराल तेव्हा हारासोबत त्याला ही गोष्टही सांगा. अल्लाह तआला मरहूम सुलेमान साहेबांची मगफिरत करो आणि आपल्या मुलांना तशी मेहनत आणि तसा इन्साफ नसीब करो. आमीन.