जेफ्री डी हॅव्हिलँड

सर जेफ्री डी हॅव्हिलँड (२७ जुलै, १८८२ – २१ मे, १९६५) हे ब्रिटिश वैमानिक, विमानरचनाकार व उद्योजक होते. दुसऱ्या महायुद्धात टेहळणी, बाँबफेक, रात्रीची लढाई, जहाजविरोधी मारा आणि टपालवाहतूक अशी नाना प्रकारची कामे करणारे मॉस्किटो हे लाकडी विमान त्यांच्या कंपनीने घडवले. युद्धविमाने धातूचीच हवीत, अशी शासकीय तज्ज्ञांची धारणा असताना त्यांनी लाकडाचा आग्रह धरला आणि तो सार्थ ठरला. मात्र विमानोड्डाणाच्या ध्यासापायी त्यांना आपले दोन पुत्र गमवावे लागले.

प्रारंभिक जीवन

डी हॅव्हिलँड यांचा जन्म इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर परगण्यात हाय विकमजवळ झाला. वडील चार्ल्स हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. जेफ्री हे त्यांचे दुसरे पुत्र. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी घरची अपेक्षा होती. परंतु त्यांचा ओढा यंत्रांकडे होता. ऑक्सफर्डच्या सेंट एडवर्ड्स शाळेतील शिक्षणानंतर त्यांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस अभियांत्रिकी विद्यालयात १९०० ते १९०३ या काळात शिक्षण घेतले. पुढे काही वर्षे त्यांनी मोटारगाड्या व बसगाड्या बनवणाऱ्या कारखान्यांत नोकरी केली. तेथेच फ्रँक हर्ल या कुशल कारागिराशी त्यांची मैत्री जडली. ही मैत्री आयुष्यभर टिकली.

पहिली विमाने

विमान बांधण्यासाठी त्यांनी आईच्या वडिलांकडून एक हजार पौंडांचे साहाय्य मिळवले. विमान आणि त्याचे इंजिन अशा दोहोंची रचना त्यांनी स्वतः केली. १९०९ साली त्यांचा विवाह लुईझ थॉमस यांच्याशी झाला. पंखांवर ताणावयाचे कापड लुईझ यांनी शिवणयंत्रावर स्वतः शिवून दिले. डिसेंबर १९०९ मध्ये हॅम्पशायरमधील सेव्हन बॅरोज येथे विमान हवेत उठले. पण अल्पावधीतच पंखाची चौकट मोडून ते कोसळले. डी हॅव्हिलँड यांना किरकोळ इजा झाली. विमानाचा मात्र चुराडा झाला. लाकूड कोठे, किती आणि कसे वापरावे याचा धडा त्यांना या अपघातातून मिळाला.

इंजिन शाबूत होते. तेच वापरून त्यांनी दुसरे, अधिक मजबूत विमान बांधले आणि १० सप्टेंबर, १९१० रोजी ते यशस्वीरीत्या उडवले. फार्नबरो येथील सरकारी बलून कारखान्याने हे विमान ४०० पौंडांना विकत घेतले आणि डी हॅव्हिलँड यांना रचनाकार व चाचणी वैमानिक म्हणून सेवेत घेतले. स्वतः रचलेले विमान स्वतःच उडवून पाहण्याची त्यांची रीत तेथे पक्की झाली.

पहिले महायुद्ध आणि स्वतःची कंपनी

१९१४ मध्ये ते हेंडन येथील एअरको या कंपनीत मुख्य रचनाकार झाले. त्यांच्या नावाची आद्याक्षरे धारण करणारी डी.एच.२ व डी.एच.४ ही विमाने पहिल्या महायुद्धात मोठ्या संख्येने वापरली गेली. डी.एच.४ या बाँबफेकी विमानाचे उत्पादन अमेरिकेतही झाले. युद्ध संपताच मागणी आटली आणि एअरको विकली गेली. तेव्हा काही सहकाऱ्यांसह डी हॅव्हिलँड यांनी सप्टेंबर १९२० मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी स्थापन केली. तिचे कामकाज प्रथम लंडनलगतच्या स्टॅग लेन येथून व पुढे हॅटफील्ड येथून चाले.

सामान्य माणसाला परवडेल आणि चालवता येईल असे विमान बनवणे हे या कंपनीचे पहिले मोठे यश होते. फेब्रुवारी १९२५ मध्ये उडालेले मॉथ हे छोटे दुपंखी विमान उड्डाण क्लबांमध्ये लोकप्रिय झाले. डी हॅव्हिलँड यांना फुलपाखरे व पतंग या कीटकांच्या अभ्यासाचा छंद होता. त्यामुळे जिप्सी मॉथ, पस मॉथ, टायगर मॉथ अशी नावांची एक मालिकाच तयार झाली. १५ ऑक्टोबर, १९३२ रोजी जे.आर.डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहू विमानतळावर आणले आणि भारतीय हवाई वाहतुकीचा पाया घातला, ते विमान पस मॉथ होते.

लाकडाच्या रचनेवरील कंपनीचे प्रभुत्व याच काळात वाढले. १९३४ च्या इंग्लंड–मेलबर्न शर्यतीत डी.एच.८८ कॉमेट हे लाकडी विमान विजयी ठरले. १९३७ मधील अल्बट्रॉस या प्रवासी विमानाच्या धडासाठी प्लायवुडच्या दोन थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड बसवण्याची पद्धत वापरण्यात आली. मॉस्किटोची बीजे या दोन विमानांत होती.

मॉस्किटोची निर्मिती

युद्धाची चिन्हे दिसू लागली तेव्हा ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाला बंदूकधारी सैनिकांनी संरक्षित अशी मोठी धातूची बाँबफेकी विमाने हवी होती. डी हॅव्हिलँड आणि त्यांचे मुख्य रचनाकार आर.ई. बिशप यांचा विचार वेगळा होता. बंदुका, त्यांचे फिरते मनोरे, दारूगोळा आणि ते चालवणारी माणसे यांचे वजन वाढले की विमान मोठे होते. मोठे झाले की संथ होते. आणि संथ झाले की त्याला आणखी बंदुका लागतात. हे सर्व काढून टाकले तर दोन माणसे आणि दोन मर्लिन इंजिने एवढ्यावर शत्रूच्या लढाऊ विमानांना मागे टाकणारे विमान बनवता येईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. लाकूड वापरल्यास युद्धकाळात दुर्मीळ होणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमवर ताण पडणार नव्हता आणि फर्निचर बनवणाऱ्या सुतारांचे कौशल्यही उपयोगी पडणार होते.

मंत्रालयाला हे पटले नाही. एअर मार्शल सर विल्फ्रिड फ्रीमन यांनी मात्र या कल्पनेची पाठराखण केली आणि १ मार्च, १९४० रोजी ५० विमानांची मागणी नोंदवली गेली. या पाठिंब्याबद्दल फ्रीमन यांची टिंगलही झाली. डंकर्कच्या माघारीनंतर निवडक विमानांवरच सारी शक्ती केंद्रित करण्याचे ठरले आणि मॉस्किटोचे काम काही काळ थांबवण्यात आले. ते पुन्हा सुरू झाल्यावर ३ ऑक्टोबर, १९४० रोजी एका जर्मन विमानाने हॅटफील्डच्या कारखान्यावर बाँब टाकले. त्यात २१ कामगार मृत्युमुखी पडले व मॉस्किटोसाठी जमवलेले बरेच साहित्य नष्ट झाले.

पहिला नमुना तोवर लंडन कॉलनीजवळच्या सॅलिसबरी हॉल या जुन्या वाड्याच्या आवारात तयार होत होता. विमानाचे धड शेंगेच्या दोन फाकांप्रमाणे डाव्या-उजव्या भागांत, साच्यांवर घडवले जाई. तारा, नळ्या व उपकरणे आत बसवून झाल्यावर दोन्ही भाग सरसाने जोडले जात. पंख मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असे. २५ नोव्हेंबर, १९४० रोजी जेफ्री यांचे ज्येष्ठ पुत्र जेफ्री (कनिष्ठ) यांनी हॅटफील्ड येथून त्याचे पहिले उड्डाण केले. पुढील चाचण्यांत त्याने ताशी सुमारे ६२५ किलोमीटर वेग गाठला. तत्कालीन स्पिटफायर या एक इंजिनी लढाऊ विमानापेक्षा हा वेग अधिक होता. त्यानंतर विरोध मावळला.

युद्धातील कामगिरी

सप्टेंबर १९४१ मध्ये मॉस्किटोने छायाचित्र-टेहळणीच्या कामापासून प्रत्यक्ष युद्धसेवेला आरंभ केला. पुढे एकाच मूळ रचनेतून बाँबफेकी, रडारयुक्त रात्रलढाऊ आणि लढाऊ-बाँबफेकी अशी रूपे निघाली. त्यांतील एफ.बी.६ हे रूप सर्वाधिक संख्येने, सुमारे २,३००, बांधले गेले. त्याच्या नाकात चार तोफा व चार मशीनगन असत. काही बाँबफेकी विमाने १,८०० किलोग्रॅम वजनाचा एकच मोठा बाँब बर्लिनपर्यंत नेत. ब्रिटनच्या बाँबफेकी दलात मॉस्किटोच्या हानीचे प्रमाण सर्वांत कमी राहिले. ३० जानेवारी, १९४३ रोजी बर्लिनवर दिवसाढवळ्या झालेल्या हल्ल्यामुळे हर्मन गोरिंग यांचे नियोजित नभोवाणी भाषण तासाभराहून अधिक लांबले.

तटस्थ स्वीडनमधून बॉल बेअरिंग आणण्यासाठी निःशस्त्र मॉस्किटो नागरी विमाने म्हणून उडत. त्यांच्या बाँबकक्षात एखादा प्रवासीही आडवा निजून येई. ऑक्टोबर १९४३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर याच मार्गाने ब्रिटनला पोहोचले. वाटेत प्राणवायूअभावी ते बेशुद्ध झाले होते.

कमी उंचीवरून अचूक मारा करण्याच्या या विमानाच्या क्षमतेला दुसरी बाजूही होती. फेब्रुवारी १९४४ मध्ये फ्रान्समधील आमियां तुरुंगाची भिंत फोडून अनेक कैद्यांना वाट करून देण्यात आली. पण त्याच हल्ल्यात शंभराच्या आसपास कैदी मरण पावले. २१ मार्च, १९४५ रोजी कोपनहेगनमधील गेस्टापोच्या मुख्यालयावरील हल्ल्यात एक मॉस्किटो शाळेजवळ कोसळले. तेथील आगीचा धूर पाहून मागून आलेल्या काही विमानांनी तेच लक्ष्य समजून बाँब टाकले आणि ८६ मुलांचा बळी गेला.

भारत व ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मॉस्किटोच्या लाकडाची खरी कसोटी लागली. कलकत्त्याच्या अलीपूर येथून टेहळणीची विमाने ब्रह्मदेशावर जात. उष्ण व दमट हवेत काही विमानांचे सांधे निखळून अपघात झाले, तेव्हा नोव्हेंबर १९४४ मध्ये तेथील मॉस्किटोंची उड्डाणे थांबवावी लागली. चौकशीसाठी जेफ्री यांचे धाकटे बंधू हेरेवर्ड भारतात आले. हवामानाबरोबरच कारखान्यातील सदोष जोडकामही तपासात पुढे आले. दुधातील केसिनपासून केलेल्या सरसाऐवजी कृत्रिम सरस वापरात आणला गेला होता. तरी सुताराच्या हातून झालेली कसूर त्यानेही भरून निघण्यासारखी नव्हती. ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलिया मिळून एकूण ७,७८१ मॉस्किटो विमाने बांधली गेली.

कौटुंबिक जीवन

जेफ्री, पीटर व जॉन असे तीन पुत्र डी हॅव्हिलँड दांपत्याला होते. सर्वांत धाकटे जॉन हे कंपनीचे चाचणी वैमानिक होते. २३ ऑगस्ट, १९४३ रोजी दोन मॉस्किटो विमानांची हवेत टक्कर होऊन त्यांचा मृत्यू झाला. ज्येष्ठ पुत्र जेफ्री यांनी मॉस्किटोनंतर व्हँपायर या जेट विमानाचेही पहिले उड्डाण केले होते. २७ सप्टेंबर, १९४६ रोजी डी.एच.१०८ हे प्रायोगिक जेट विमान थेम्स नदीच्या मुखावर हवेतच मोडले आणि तेही मरण पावले. या आघातांतून लुईझ सावरल्या नाहीत. १९४९ मध्ये त्यांचे निधन झाले. १९५१ मध्ये डी हॅव्हिलँड यांनी जोन फ्रिथ यांच्याशी दुसरा विवाह केला. हॉलिवूडच्या अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅव्हिलँड व जोन फाँटेन या त्यांच्या चुलत नात्यातील होत्या.

जेटयुग आणि अखेरची वर्षे

युद्धानंतर कंपनी जेट विमानांकडे वळली. १९४८ मध्ये भारतीय हवाई दलात दाखल झालेले पहिले जेट विमान व्हँपायर हेच होते. डी हॅव्हिलँड यांच्या ६७ व्या वाढदिवशी, २७ जुलै, १९४९ रोजी कॉमेट या जगातील पहिल्या जेट प्रवासी विमानाने उड्डाण केले. २ मे, १९५२ पासून ते प्रवासी सेवेत आले. बरोबर एक वर्षाने कलकत्त्याहून निघालेले एक कॉमेट वादळात मोडून पडले. १९५४ मध्ये भूमध्य समुद्रावर आणखी दोन विमाने हवेतच फुटली. दर उड्डाणातील हवेच्या दाबाच्या चढउताराने धातू थकत जातो, हे फार्नबरो येथील पाण्याच्या टाकीतील चाचण्यांतून सिद्ध झाले. या ज्ञानाचा लाभ पुढे सर्व विमान कंपन्यांना झाला. डी हॅव्हिलँड कंपनीची आघाडी मात्र गेली. १९६० मध्ये ती हॉकर सिडली समूहात विलीन झाली.

डी हॅव्हिलँड १९५५ मध्ये सक्रिय कामातून निवृत्त झाले. १९६१ मध्ये त्यांचे 'स्काय फीव्हर' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. २१ मे, १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थींची रक्षा सेव्हन बॅरोज या त्यांच्या पहिल्या उड्डाणाच्या जागेवर विमानातून विखुरण्यात आली.

सन्मान व वारसा

१९४४ मध्ये त्यांना 'सर' हा किताब, तर १९६२ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा ब्रिटनचा अत्यंत प्रतिष्ठेचा सन्मान मिळाला. सॅलिसबरी हॉलच्या आवारात आता डी हॅव्हिलँड विमान संग्रहालय आहे. १९४० साली तेथेच घडवलेला मॉस्किटोचा पहिला नमुना तेथे जतन करून ठेवण्यात आला आहे.