म्हाइंभटांचा परिग्रहत्याग आणि लीळेचा ठेवा

परिग्रह दोन प्रकारचा असतो. घर, शेत, द्रव्य हा दिसणारा परिग्रह होय. विद्या, कुळ आणि मान यांचा अभिमान हा न दिसणारा. पहिल्याचा त्याग करणारे पुष्कळ आढळतात, दुसऱ्याचा त्याग करणारा विरळा. सराळ्याचे पंडित म्हाइंभट यांच्या चरित्रात या दोन्ही त्यागांचा क्रम स्पष्ट दिसतो. म्हणून ते साधकाने वारंवार चिंतावे असे आहे.

म्हाइंभट हे संपन्न घरचे, शास्त्रनिपुण ब्राह्मण. गणपत आपयो यांच्याजवळ त्यांचे अध्ययन झाले. मीमांसेतील प्राभाकर मतात त्यांची गती मोठी होती आणि वादात त्यांच्यापुढे सहसा कोणी टिकत नसे. विद्येच्या ताठ्याने ते दिवसा दिवट्या पाजळून हिंडत, असे परंपरा सांगते. अशा स्थितीत त्यांना डोमेग्रामी सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे दर्शन घडले. शास्त्रार्थ झाला आणि आपले ज्ञान किती तोकडे आहे, हे त्यांना तेथे उमगले. पुढे घरदार आणि वैभव मागे टाकून ते परमार्गास अनुसरले. दिसणारा परिग्रह असा सुटला.

न दिसणारा परिग्रह सुटण्याचा प्रसंग त्यानंतर आला. सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केल्यावर भक्तजन रिद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिले. असन्निधानाच्या दुःखात आचार्य श्रीनागदेव सर्वज्ञांच्या लीळांचे अखंड स्मरण करीत. ज्यांनी या लीळा डोळ्यांनी पाहिल्या, त्यांच्या देहाबरोबर त्याही लोपतील, ही चिंता म्हाइंभटांना लागली. भटोबासांची अनुज्ञा घेऊन त्यांनी लीळा लिहून ठेवण्याचे मनावर घेतले. वाजेश्वरी भटोबासांनी कथन करावे आणि म्हाइंभटांनी ते टिपून घ्यावे, असा क्रम काही मास चालला.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. लीळेचा साक्षी जेथे असेल तेथे ते गेले. तो साक्षी पंडित की निरक्षर, पुरुष की स्त्री, असा विचार त्यांनी केला नाही. महदाइसांसारख्या ज्ञात्या स्त्रियांच्या आठवणी त्यांनी आदराने घेतल्या. ज्यांच्या शब्दापुढे सभा निरुत्तर होत, ते म्हाइंभट आता श्रोते झाले. आपले पांडित्य त्यांनी लीळेत मिसळू दिले नाही. सांगणाऱ्याची साधी मराठी वाणी तशीच राखली. विद्येच्या अभिमानाचा हा त्याग द्रव्यत्यागाहून कठीण होता.

अशा रीतीने शके १२०० (इ. स. १२७८) च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध हे त्याचे भाग. श्रीप्रभूंच्या लीळांचा संग्रहही म्हाइंभटांनीच केला. पुढे केशिराजबासांनी सर्वज्ञांची वचने लीळाचरित्रातून निवडून सूत्रपाठाची रचना केली. आज मार्गात जे निरूपण चालते, त्याचा पाया असा घातला गेला.

परंतु या चरित्राचा खरा बोध पुढेच आहे. यादवांच्या अस्तकाळी देवगिरीवर परचक्रे आली. त्या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ पोथी नाहीशी झाली. पोथी हीदेखील शेवटी वस्तूच. तीही लुटली जाते, जळते, हरवते. मात्र तोवर लीळा अनेकांच्या कंठी आणि चित्ती उतरल्या होत्या. हिराइसांच्या धारणेतून एक पाठ उभा राहिला. परशुरामबास, रामेश्वरबास आदी महात्म्यांनी आपापल्या परंपरेने शोध करून पाठ सिद्ध केले. नंतरच्या पिढ्यांनी ते सकळ, सुंदरी इत्यादी लिप्यांत जतन केले. कागद गेला, स्मरण उरले. आणि त्या स्मरणातून पुन्हा पोथी उत्पन्न झाली.

म्हाइंभटांनी सराळ्यास जे टाकले, ते कोणाच्या वाट्यास गेले याची विचारपूस आज कोणी करीत नाही. त्यांनी जे गोळा केले, त्यावर मात्र सातशे वर्षांहून अधिक काळ साधकांचा निर्वाह चालला आहे. संन्याशाने झोळीपुरतेच ठेवावे आणि वासनिकाने प्रपंच सांभाळताना ममता आवरावी, हे आपण जाणतोच. त्याबरोबर प्रत्येकाने एक गोष्ट स्वतःस विचारावी : घरातील पोथी फडक्यात गुंडाळून उंचावर ठेवली असेल, पण तिच्यातील एकही लीळा मुलाबाळांच्या वा शिष्यांच्या चित्ती उतरली नसेल, तर आपण मागे काय ठेवले? पोथीची पूजा करावी, आणि ती हरवली तरी न हरवणारे असे काही नित्य स्मरणाने पुढच्या पिढीस द्यावे. म्हाइंभटांचे ऋण फेडण्याची वाट हीच होय.