एका पंगतीचे वसतिगृह

कोल्हापूरजवळ कुंभोज नावाचे गाव आहे. त्याच्या शेजारीच बाहुबलीचा डोंगर असून जैन समाजाचे ते मोठे तीर्थक्षेत्र आहे. या कुंभोज गावी, आपल्या आजोळी, २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊराव पाटील यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. हे गाव आज सांगली जिल्ह्यात मोडते. परंतु त्या काळी सांगली नावाचा जिल्हाच नव्हता, आणि वाळवे तालुका सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. भाऊरावांचे बरेचसे आयुष्य या दोन जिल्ह्यांच्या मातीत गेले.

भाऊरावांचे वडील पायगोंडा पाटील हे सरकारी नोकरीत होते. त्यांच्या बदल्या होत, आणि त्यामुळे मुलाची शाळाही बदले. आई गंगाबाई धर्मनिष्ठ होती. घरात जैन आचार कसोशीने पाळला जाई. अशा घरातील हा मुलगा मात्र अंगापिंडाने दांडगा, पोहण्यात व कुस्तीत रमणारा आणि अभ्यासात बेताचाच होता. अन्याय दिसला की त्याला राहवत नसे. त्याच्या लहानपणाची एक हकीकत सांगतात. गावच्या विहिरीवर अस्पृश्य मानलेल्या लोकांना पाणी भरू देत नसत. भर उन्हात ती माणसे रिकामी घागर घेऊन कोणीतरी पाणी वाढील म्हणून ताटकळत उभी राहत. हे पाहून भाऊरावाला इतका संताप आला, की त्याने त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला.

पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले. त्या वेळी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांचे राज्य होते. खेड्यापाड्यांतील गरीब मुलांना शिकता यावे, म्हणून महाराजांनी शहरात वसतिगृहे उभारण्यास उत्तेजन दिले होते. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे व जैन विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले. १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांचे निघाले. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृहाची स्थापना झाली. प्रत्येक समाजाने आपल्या मुलांसाठी पुढे यावे, अशी ती योजना होती. त्या काळाच्या मानाने ते फार मोठे पाऊल होते. तथापि प्रत्येक वसतिगृहाचा उंबरठा वेगळा होता, चूल वेगळी होती, आणि एका घरचे मूल दुसऱ्या घरच्या पंगतीला बसत नव्हते.

भाऊराव जैन वसतिगृहात राहत. तेथील व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे या विद्वान व शिस्तप्रिय गृहस्थांकडे होती. सोवळ्याने जेवावयास बसणे, ठरावीक वेळी पूजाअर्चा करणे, हे नियम तेथे कडक होते. भाऊराव मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाचा समारंभ पाहण्यास गेले. परत आल्यावर त्यांनी स्नान करून शुद्ध व्हावे आणि मगच आत यावे, असा आग्रह धरण्यात आला. भाऊरावांना त्याचे कारण समजेना. माणसांच्या समारंभाला गेल्याने आपण अशुद्ध कसे झालो, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी स्नान करण्याचे साफ नाकारले. नियमापुढे तरुणाचा हट्ट चालला नाही, आणि भाऊरावांना वसतिगृह सोडावे लागले. पुढे शाहू महाराजांनी त्यांना आपल्या आश्रयाला घेतले. राजवाड्यात राहण्याची सोय झाली खरी. पण जेवणाचे ताट समोर असताना माणसाला बाहेर घालवणारा तो नियम त्यांच्या मनातून कधीच गेला नाही.

भाऊरावांचे शालेय शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. ज्या पुरुषाने पुढे हजारो मुलांना शाळेत घातले, त्याच्याजवळ मॅट्रिकचेही प्रमाणपत्र नव्हते! उदरनिर्वाहासाठी त्यांनी साताऱ्यास शिकवण्या केल्या. १९१४ साली कोल्हापुरात एका पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. त्यात लठ्ठे यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी, असे दडपण त्यांच्यावर आणण्यात आले. लठ्ठे हे तर त्यांना वसतिगृहातून घालवणारे गृहस्थ. जुना राग काढण्यास याहून चांगली संधी कोणती? परंतु भाऊरावांनी खोटे बोलण्याचे नाकारले व त्यापायी तुरुंगातील हाल सोसले.

नंतर काही वर्षे ते ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल विकत, आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या गळी उतरवीत गावोगाव हिंडले. लाकडी नांगराची सवय असलेल्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर घेण्यास राजी करणे सोपे नव्हते. भाऊराव ते काम मोठ्या हिकमतीने करीत. या फिरतीत त्यांनी सातारा व सांगलीकडची खेडी अगदी जवळून पाहिली. जमिनी सावकाराकडे गहाण पडलेल्या, कागदावर काय लिहिले आहे ते कोणास वाचता येत नाही, आणि गावात शाळा नाही. जेथे शाळा होती तेथेही अस्पृश्यांची मुले बाहेर ओसरीवर बसत. महात्मा जोतिराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा भाऊरावांवर प्रभाव होता. या साऱ्या दुःखाचे मूळ अज्ञानात आहे, ही फुल्यांची शिकवण त्यांना डोळ्यांपुढे खरी ठरलेली दिसू लागली.

सांगलीजवळच्या दुधगाव येथे मित्रांच्या साहाय्याने त्यांनी याआधीच एक लहानसे वसतिगृह काढून पाहिले होते. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत. हा अनुभव गाठीशी होताच. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी सत्यशोधक समाजाची परिषद भरली असता, ४ ऑक्टोबर रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. रयत म्हणजे सामान्य कष्टकरी जनता. १९२४ साली संस्थेचे ठाणे सातारा शहरात आले आणि तेथे भाऊरावांचे वसतिगृह सुरू झाले.

कोल्हापूरची वसतिगृहे आणि हे वसतिगृह यांत एक मोठा फरक होता. येथे उंबरठा एकच होता आणि चूलही एकच. मराठा, महार, मांग, रामोशी, जैन, मुसलमान, जो येईल त्याला जागा होती. मुले आपल्या हातांनी दळीत, पाणी भरीत, भाकऱ्या थापीत, भांडी घाशीत आणि एकाच पंगतीत जेवीत. भाकरी कोणी थापली, हे विचारण्याची सोयच नव्हती. कारण आज जो वाढी तो उद्या चुलीपुढे बसे. कोणाही मुलाला आपला धर्म सोडण्यास सांगितले जात नसे. आपला धर्म पाळताना शेजारच्याला हीन लेखू नये, एवढीच तेथील अट होती. संस्थेच्या कामातही हेच दिसे. इस्माईलसाहेब मुल्ला हे भाऊरावांचे निकटचे सहकारी होते. साताऱ्याच्या विधी महाविद्यालयाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.

आज हे वाचताना त्यात विशेष काही वाटत नाही. परंतु त्या काळी अशा पंगतीत जेवलेल्या मुलाला सुटीत घरी गेल्यावर वडीलधारी माणसे काय बोलत असतील, याची कल्पना करावी. भाऊरावांनाही स्वजनांचा रोष पत्करावा लागला. पण या रोषाचा खरा भार दुसऱ्याच एका व्यक्तीने उचलला. ती व्यक्ती म्हणजे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई.

लक्ष्मीबाई कुंभोजच्या एका सधन जैन घराण्यातील. माहेरी सोवळेओवळे कडक. व्रते, उपवास, देवदर्शन यांत त्या वाढलेल्या. अंगावर भरपूर दागिने घेऊन त्या सासरी आल्या होत्या. अशा स्त्रीच्या घरात तिच्या पतीने सर्व जातींची मुले आणून ठेवली. आरंभी त्यांना ते जड गेले, यात नवल नाही. लहानपणापासून जे पवित्र म्हणून शिकवले गेले, ते एका दिवसात बाजूला ठेवणे कोणालाही जमत नाही. भाऊरावांचा विचार त्यांनी व्याख्याने ऐकून स्वीकारला नाही. मुलांनीच त्यांना जिंकले. आईवेगळी, तापाने फणफणलेली, घरच्या आठवणीने रात्री रडणारी मुले समोर असताना सोवळे किती वेळ टिकणार? पाहता पाहता लक्ष्मीबाई त्या सर्वांची आई झाल्या. मुले भाऊरावांना अण्णा म्हणत आणि लक्ष्मीबाईंना वहिनी.

वसतिगृहाला पैशाची सदैव चणचण असे. खेड्यांतील लोक सुगीच्या दिवसांत धान्य देत, परंतु ते किती दिवस पुरणार? भाऊराव वर्गणीसाठी बाहेरगावी गेले, की मुलांच्या दोन वेळच्या जेवणाचा घोर वहिनींना लागे. एकेक दागिना मोडून त्यांनी धान्याची पोती आणली. अखेर असा एक दिवस आला, की कोठीत धान्याचा दाणा नव्हता, भाऊराव घरी नव्हते आणि वहिनींच्या अंगावर मंगळसूत्राखेरीज सोने उरले नव्हते. मंगळसूत्र म्हणजे सौभाग्याचे लेणे. पती जिवंत असताना ते गळ्यातून उतरवणे ही कल्पनाही त्या काळच्या स्त्रीला अभद्र वाटे. वहिनींनी ते उतरवले, मोडावयास दिले आणि त्या पैशांतून धान्य आणवले. त्या दिवशी मुले उपाशी राहिली नाहीत. १९३० साली लक्ष्मीबाई निवर्तल्या. भाऊराव तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांनी हे वसतिगृह पाहिले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे भावंडांप्रमाणे राहत असलेली पाहून त्यांना फार समाधान वाटले. त्यांच्याच हस्ते वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. शाहू महाराज १९२२ सालीच दिवंगत झाले होते. वसतिगृहातून घालवलेल्या ज्या मुलाला त्यांनी आसरा दिला होता, त्याने आपल्या वसतिगृहाला त्यांचे नाव दिले. १९३२ साली पुणे करार झाला. त्याच्या स्मरणार्थ भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस उघडले. तेथेही पंगत एकच होती.

वसतिगृहात मुले राहू लागली, पण त्यांच्या गावांत शाळा कोठे होत्या? शाळा काढाव्यात तर शिक्षक कोठे होते? म्हणून १९३५ साली साताऱ्यात शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय निघाले. तेथून बाहेर पडलेले तरुण दुर्गम खेड्यांत गेले. कोठे देवळात, कोठे चावडीत, तर कोठे झाडाखाली शाळा भरू लागल्या. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. शेतात व बांधकामावर श्रम करून मुलांनी स्वतःच्या शिक्षणाचा खर्च भागवावा, अशी तेथील पद्धत होती. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. खोरे आणि पुस्तक ही दोन्ही एकाच हातात शोभतात, हे या संस्थांतील मुलांनी दाखवून दिले. शाहू बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले, आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

गांधीजींच्या निधनानंतर त्यांच्या नावाने १०१ विद्यालये काढण्याचा भाऊरावांनी संकल्प केला. याच सुमारास त्यांच्या एका भाषणामुळे सरकार नाराज झाले व संस्थेचे अनुदान थांबले. शेकडो शिक्षकांच्या पगाराचा प्रश्न उभा राहिला. भाऊराव पुन्हा खेड्यांकडे वळले, आणि खेड्यांनी त्यांना निराश केले नाही. पुढे संत गाडगे महाराजांनी मध्यस्थी केली व अनुदान सुरू झाले. स्वतः अक्षरशत्रू असलेला हा संत शाळांसाठी मुख्यमंत्र्यांपुढे उभा राहिला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९५४ साली कऱ्हाड येथे निघालेल्या महाविद्यालयाला भाऊरावांनी गाडगे महाराजांचेच नाव दिले.

पांढरीशुभ्र दाढी, अंगावर खादी, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी, अशी भाऊरावांची मूर्ती गावोगावच्या लोकांच्या परिचयाची झाली होती. लोक त्यांना कर्मवीर म्हणू लागले. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला आणि पुणे विद्यापीठाने डॉक्टर ही सन्माननीय पदवी अर्पण केली. तोपर्यंत त्यांच्या संस्थेची शंभराहून अधिक माध्यमिक विद्यालये आणि तीन महाविद्यालये झाली होती. वसतिगृहे व खेड्यांतील प्राथमिक शाळा वेगळ्याच. त्याच वर्षी ९ मे रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांची समाधी साताऱ्यात आहे. लक्ष्मीबाईंच्या नावाने संस्थेने एक पतपेढी काढली असून, उच्च शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांना तिच्यातून कर्ज देण्याची सोय करण्यात आली.